लहान चिऱ्याची लांब गोष्ट

बसताना 'आई गं' म्हणत गुडघ्यावर हात टेकवला असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम साठ हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गुडघ्याचं ऑपरेशन, लहान चिऱ्याचं.' शेळीसाठी, बियाण्यासाठी, पोरीच्या फीसाठी अर्ज येतात, तसाच हाही एक. पण वाचून दाखवताना मी अडखळले. कारण 'लहान चिऱ्याचं' हे शब्द तीन वर्षांपूर्वी मीच माझ्या आत्याला वाचून दाखवले होते. एका शिबिरात मिळालेल्या कागदावर ते छापलेले होते. चिरा लहान, रक्त कमी, तिसऱ्या दिवशी घरी. आत्याने विचारलं होतं, "म्हणजे मोठं ऑपरेशन नाही ना गं?" मी शिकलेली भाची, बी. ए. झालेली. मी म्हणाले, "नाही गं आत्या, लहानसंच आहे."

माझं ते उत्तर चुकलं. कसं चुकलं ते शेवटी सांगते. आधी गुडघा बदलण्याची ही विद्या कुठून आली, तिला किती वर्षं लागली, ते ऐका. ही गोष्ट तेव्हा मला माहीत असती तर मी तसं उत्तर दिलं नसतं.

आधी गुडघा म्हणजे काय ते बघू. वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं हाड येतं, आणि पुढे झाकणासारखी वाटी असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, गुळगुळीत आणि लवचीक. त्याच्यामुळे हाडावर हाड घासत नाही. हा थर झिजला की मग जात्याच्या दोन दगडांसारखी हाडं एकमेकांवर फिरतात. गुडघा सुजतो, कटकट वाजतो, पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागतो. कूर्चा एकदा झिजली की पुन्हा पहिल्यासारखी उगवत नाही. म्हणून माणसाच्या मनात आलं, की झिजलेल्या जागी दुसरं काही बसवता येईल का?

हा विचार प्रत्यक्षात आणला जर्मनीतल्या बर्लिन शहरात, १८९० साली. डॉक्टरांचं नाव थेमिस्टोक्लिस ग्लुक. त्यांच्यासमोर १७ वर्षांची एक मुलगी होती. तिचा गुडघा म्हातारपणामुळे झिजला नव्हता, तो क्षयरोगाने खाल्ला होता. त्या काळी हाडांचा आणि सांध्यांचा क्षय फार होता. ग्लुक यांनी हस्तिदंताचा गुडघा घडवून घेतला. पुढची पायरी म्हणजे तो हाडात घट्ट बसवणं. त्यासाठी त्यांनी राळ आणि प्लास्टरसारखी भुकटी यांचं मिश्रण वापरलं. सुरुवातीला गुडघा हलू लागला. ग्लुक यांनी दुसऱ्या रुग्णांवर, दुसऱ्या सांध्यांवरही हे करून पाहिलं. पण क्षयाचा जंतू आतच होता. जखमा पुन्हा चिघळल्या, पू झाला, आणि कल्पना बरोबर असूनही ते सांधे टिकले नाहीत. पुढे ग्लुक यांनी स्वतःच मान्य केलं, की क्षय झालेल्या सांध्यात असं काही बसवू नये. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना हे काम वैद्यांच्या मोठ्या परिषदेत मांडूही दिलं नाही.

या पहिल्या गोष्टीतून एक लक्षात ठेवा. तेव्हा चिरा केवढा होता याने काही फरक पडला नाही. आत काय बसवलं, ते कशाने चिकटवलं आणि जंतू आत गेले का, यावर सगळं ठरलं. आजही त्यावरच ठरतं.

त्यानंतरची गोष्ट जपानची. ती मला फार जवळची वाटते, कारण जपानी माणसं आपल्यासारखीच जमिनीवर बसणारी. जेवण खाली बसून, पाहुण्यांचं स्वागत खाली बसून. क्षयाने गुडघा आखडला तर त्या माणसाला घरातच परक्यासारखं व्हायचं. टोकियोचे डॉ. केंजी ताकागी यांना वाटलं, की दुखणं वाढण्याआधीच गुडघ्याच्या आत डोकावता आलं तर? त्यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण घेतली आणि मृत माणसाच्या गुडघ्यात घालून पाहिली. पुढे त्यांचे शिष्य डॉ. मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण सुधारली. १९६२ मध्ये त्यांनी दुर्बिणीतून बघत गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची सुरुवात ही अशी, खाली बसणाऱ्या लोकांच्या अडचणीतून झाली.

इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करते. गावात बायका म्हणतात, 'आता गुडघा दुर्बिणीने बदलतात,' किंवा 'लेझरने बदलतात.' तसं नाही. दुर्बिणीच्या भोकातून फाटलेली गादी, सुटलेला तुकडा यांचं काम होतं. पूर्ण गुडघा बदलायचा तर धातूचे मुठीएवढे भाग आत न्यावे लागतात, हाडाची टोकं कापावी लागतात. त्यासाठी चिरा लागतोच. 'लहान चिऱ्याचं ऑपरेशन' म्हणजे तोच गुडघा, तेच हाड कापणं, फक्त आत जायचं दार लहान. घराचं दार लहान असलं म्हणून आत न्यायची कणगी लहान होत नाही.

आता येऊ १९५१ सालाकडे. स्वीडनमध्ये बोर्ये वाल्डियस यांनी गुडघ्यात सरळ बिजागरीच बसवली. आधी ॲक्रिलिकची, नंतर धातूची. दाराला बिजागरी असते तशी. पाय वाकायचा, सरळ व्हायचा. पण आपला गुडघा दारासारखा नाही. वाकताना तो थोडा सरकतो, थोडा वळतोही. बांधावरून चालताना, डोक्यावर भारा असताना पाऊल तिरकं पडतं ते आठवा. बिजागरीला एकच दिशा ठाऊक. मग तो सगळा पिळा बिजागरी आणि हाड यांच्या जोडावर यायचा आणि जोड सैल व्हायचा. तरी ज्यांचे पाय अगदीच कामातून गेले होते त्यांना थोडा आधार मिळाला.

खरी वाट गुडघ्याला खुब्याने दाखवली. इंग्लंडच्या लँकेशायर भागात राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. तिथे जॉन चार्नली नावाचे डॉक्टर खुब्याचा सांधा बदलण्याच्या मागे लागले होते. त्यांनी दोन मोठ्या अडचणी सोडवल्या. पहिली, चिकटवायचं कशाने? दंतवैद्य दातांच्या कामाला जे ॲक्रिलिक वापरत, तेच त्यांनी हाडात वापरलं. त्यालाच आज 'बोन सिमेंट' म्हणतात. दुसरी अडचण, घासणारा भाग कशाचा करायचा? चार्नलींनी आधी टेफ्लॉन वापरलं. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. शेकडो रुग्णांना ते बसवलं, आणि दोन-तीन वर्षांत ते झिजून गेलं. त्या झिजलेल्या कणांनी आतली हाडंही खराब झाली. चार्नलींना ते फार लागलं. ते कण शरीरात काय करतात हे बघायला त्यांनी स्वतःच्या मांडीत त्याचा तुकडा घालून पाहिला.

मग १९६२ साली एक विक्रेता राइटिंग्टनला आला. त्याच्याकडे एक कडक प्लॅस्टिक होतं. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख, आपल्या इचलकरंजी-मालेगावसारखा. ते प्लॅस्टिक तिथे मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरत. चार्नलींना ते काही खास वाटलं नाही. पण त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने ते झिजवायच्या यंत्रावर लावून ठेवलं. दिवसामागून दिवस गेले, प्लॅस्टिक झिजेना. मग चार्नलींचा विश्वास बसला. धातू आणि हे प्लॅस्टिक, ही जोडी आजही जगभरातल्या बहुतेक गुडघ्यांत आहे. शिकलेल्या डॉक्टरांच्या बरोबरीने एका कारागिराच्या चिकाटीचं यात मोल आहे, हे मला फार आवडतं.

त्याच राइटिंग्टनमध्ये फ्रँक गन्स्टन नावाचे कॅनडाचे तरुण डॉक्टर शिकायला आले होते. १९६८ साली त्यांनी बिजागरीचा नाद सोडला. त्यांनी पाहिलं, की गुडघ्याला हाडांइतकेच स्नायुबंध सांभाळतात. मग हाडांच्या टोकांवर फक्त धातूच्या वळणदार पट्ट्या आणि खाली प्लॅस्टिकच्या खाचा बसवल्या आणि स्नायुबंध जागेवर ठेवले. म्हणजे सांधा काढून टाकायचा नाही, त्याला नवीन पृष्ठभाग द्यायचा. 'गुडघा बदलणे' या शब्दाने आपण घाबरतो, आपल्याला वाटतं सगळा गुडघाच काढतात. तसं नसतं. झिजलेल्या टोकांचा पातळ काप काढतात आणि दाताला टोपी बसवतात तशी धातूची टोपी बसवतात.

यानंतर गोष्ट न्यूयॉर्कला जाते आणि तिथे आपल्या देशाचा माणूस भेटतो. डॉ. चित्तरंजन राणावत. मध्य प्रदेशातल्या खेड्यात जन्मलेले, इंदूरला डॉक्टरी शिकलेले. न्यूयॉर्कच्या एका अस्थिरुग्णालयात डॉ. जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि राणावत यांनी मिळून १९७४ साली नवा गुडघा वापरायला सुरुवात केली. त्यात मांडीच्या हाडाचं टोक, नडगीचं टोक आणि वाटीचा आतला भाग, तिन्हींना नवीन पृष्ठभाग मिळाला. पंधरा वर्षांनी तपासलं तेव्हा दहापैकी नऊहून जास्त गुडघे जागेवर टिकून होते. आज जे गुडघे बसवतात ते बहुतेक याच घराण्यातले.

आपल्याकडे या ऑपरेशनचं नाव घराघरात पोहोचलं ते ऑक्टोबर २००० मध्ये. त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. पुढच्या वर्षी, जून २००१ मध्ये, उजवा. ऑपरेशन करायला न्यूयॉर्कहून डॉ. राणावत आले होते. मी तेव्हा शाळकरी पोर. पंतप्रधान चालतायत का, हे बघायला आमच्या गल्लीतल्या बाया टीव्हीपुढे जमायच्या. 'मोठ्या माणसांचं ऑपरेशन' असंच तेव्हा सगळ्या म्हणत.

म्हणजे बघा, १८९० ते १९७४. गुडघा आत नीट बसायला आणि टिकायला चौऱ्याऐंशी वर्षं गेली. चिरा लहान करायचा विचार त्याच्याही नंतरचा.

जुन्या पद्धतीत चिरा वीस ते पंचवीस सेंटिमीटरचा. आपल्या भाषेत वीतभर किंवा थोडा जास्त. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची कंडरा उभी कापायची आणि वाटी बाजूला उलटी करून ठेवायची. म्हणजे आतलं सगळं नीट दिसतं. पण तोच स्नायू उठताना आणि पायरी चढताना आपल्याला उचलतो. तो कापला की ताकद परत यायला वेळ लागतो.

यातून वाट काढायला सुरुवात झाली अर्ध्या गुडघ्यापासून. काही जणींचा गुडघा एकाच बाजूने, बहुतेक वेळा आतल्या बाजूने झिजतो. मग फक्त तेवढीच बाजू बदलायची. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला जॉन गुडफेलो हे डॉक्टर आणि जॉन ओ'कॉनर हे अभियंता यांनी १९७० च्या दशकात असा अर्धा गुडघा घडवला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो शहरात डॉ. जॉन रेपिची हे लहान चिऱ्यातून अर्धा गुडघा बसवू लागले. गंमत म्हणजे रेपिची आधी दंतवैद्य होते. लहान तोंडात, कमी जागेत काम करायची त्यांच्या हाताला सवय. २००० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतले डॉक्टर पूर्ण गुडघाही दहा-बारा सेंटिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या विताच्या चिऱ्यातून बसवू लागले. अवजारं लहान केली. स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारायचा, वाटी उलटी करायची नाही, फक्त सरकवायची. या पद्धतीचं खरं मर्म आतल्या स्नायूला कमी दुखावणं हे आहे. कातडीवरचा चिरा लहान दिसतो, हा त्याच्यासोबत येणारा भाग.

पण जाहिरातीत काय येतं? कातडीवरचा चिरा. कारण तो फोटोत दिसतो.

पुढे डॉक्टरांनी जुनी आणि नवी पद्धत शेजारी ठेवून तपासली. काही ठिकाणी लहान चिऱ्याच्या रुग्णांचं पहिल्या काही आठवड्यांतलं दुखणं कमी निघालं, गुडघा लवकर वाकू लागला. पण काही महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडचे रुग्ण सारखेच चालत होते. वर आणखी एक दिसलं. जागा कमी असल्याने ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, चिऱ्याच्या कडा ताणल्या जातात, आणि हात सरावाचा नसेल तर गुडघा किंचित तिरका बसण्याचा धोका वाढतो. तिरका बसलेला गुडघा म्हणजे तिरका बसवलेला बैलगाडीचा आस. आज चालेल, पण झिजेल लवकर. फार जाड शरीर, फार वाकलेला पाय, आधी ऑपरेशन झालेला गुडघा, अशांना लहान चिरा बऱ्याचदा योग्य ठरत नाही.

मग आज रुग्णाला ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात ते कशाच्या जोरावर? याचं बरंच श्रेय डेन्मार्कच्या डॉ. हेन्रिक केहलेट यांच्यासारख्यांना जातं. १९९० च्या दशकात त्यांनी आतड्याच्या ऑपरेशनवर काम करताना विचारलं, की रुग्ण अंथरुणाला का खिळतो? दुखतं म्हणून, मळमळतं म्हणून, उपाशी ठेवतो म्हणून, आणि आपण उठवत नाही म्हणून. मग त्यांनी हे एकेक कारण दूर केलं. ऑपरेशनआधी रुग्णाला सगळं समजावायचं, दुखणं नीट आवरायचं, लवकर खाऊ घालायचं, लवकर चालवायचं. हीच रीत पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनला लागली आणि मोठ्या चिऱ्याचे रुग्णही लवकर उठू लागले. म्हणजे लवकर बरं होण्यात चिऱ्याचा वाटा थोडा आणि भोवतालच्या माणसांचा, मेहनतीचा वाटा मोठा. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य विसरू नका.

आता भोवतालच्या माणसांकडे वळू, कारण आपली गोष्ट तिथेच अडते.

कॅनडात एक तपासणी झाली, ती २००८ साली छापून आली. एक पुरुष आणि एक बाई, दोघांचं गुडघ्याचं दुखणं सारखं, सांगायची हकिगतही सारखी ठरवून दिलेली. दोघं वेगवेगळे सत्तरेक डॉक्टरांकडे जाऊन आले. पुरुषाला १०० पैकी ६७ डॉक्टरांनी गुडघा बदला म्हणून सांगितलं. बाईला ३३ जणांनी. दुखणं तेच, क्ष-किरणाचा फोटो तसाच. ही कॅनडाची गोष्ट. आपल्याकडे तर बाई डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधीच तिचं दुखणं 'वयाचं आहे' म्हणून घरातच निकालात निघतं. आणि आपणही तसंच म्हणतो.

चीनमधल्या बीजिंग शहरातही साठीपुढच्या बायकांचे गुडघे तपासले होते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या बायकांपेक्षा त्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त निघाली. पुढे असंही दिसलं, की तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांमध्ये झीज जास्त. उकिडवं बसून खुरपणं, चुलीपुढे बसून भाकरी थापणं, शेणाने सारवणं, ओढ्यावर धुणं. आपण ज्याला काम म्हणतही नाही, त्याचा हिशेब गुडघा ठेवतो. त्या फ्रॅमिंगहॅमच्या बायकांनी मात्र एक चांगली गोष्ट दाखवली. ज्यांनी दहा वर्षांत पाचेक किलो वजन कमी केलं, त्यांच्यात गुडघ्याच्या झिजेच्या त्रासाचा धोका निम्मा झाला.

आता आत्याचं सांगते. ऑपरेशन चांगलं झालं. चिरा खरंच लहान होता. चौथ्या दिवशी ती घरी आली. शेजारणी बघायला आल्या, पट्टी बघून म्हणाल्या, "एवढंसंच?" घरातही तेच वातावरण झालं. एवढासा चिरा, म्हणजे एवढंसंच दुखणं. बाराव्या दिवशी आत्या चुलीपुढे पाट ठेवून भाकरी थापत होती. कुणी बस म्हटलं नव्हतं, पण कुणी ऊठही म्हटलं नव्हतं. रुग्णालयाने व्यायामाचा कागद दिला होता. तो इंग्रजीत होता. 'रविवारी येऊन समजावते' म्हणून मी तो कपाटावर ठेवला. तो रविवार दीड महिन्याने उजाडला. तोवर गुडघा आखडला होता. काटकोनापर्यंतही वाकेना. शेवटी पुन्हा भूल देऊन डॉक्टरांनी तो वाकवला, आणि मग रोज रडत व्यायाम केला तेव्हा कुठे आज ती खुर्चीवर बसते, एसटीच्या पायऱ्या चढते. मला कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "चिरा लहान होता गं, पण दुखणं माझ्याच मापाचं होतं."

म्हणून त्या दिवशी बैठकीत मी अर्ज बाजूला ठेवला आणि ही सगळी हकिगत सांगितली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

ऑपरेशन आत्ताच लागतं का, की वजन, व्यायाम, काठी, औषध यांनी काही वर्षं निघतील? पूर्ण गुडघा बदलायचा की अर्धा? लहान चिरा माझ्या पायाला चालेल का, आणि तुम्ही तसे किती गुडघे केलेत? साखर किती असेल तर ऑपरेशन करता? गुडघा किती वाकेल? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. मांडी घालायला, उकिडवं बसायला गुडघा फार वाकावा लागतो. बदललेला गुडघा बहुतेकींचा तेवढा वाकत नाही, आणि वाकला तरी डॉक्टर रोज खाली बसू नका म्हणतात. म्हणजे ऑपरेशनआधीच घरात उंच ओटा, कमोडची खुर्ची, बसायला खुर्ची, याची सोय हवी.

आणि पैशांचं. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या भागांना किमतीची मर्यादा घातली. जो नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा सरासरी दीड लाखाच्या वर जात होता, त्याला तेव्हा ५४,७२० रुपये, वर कर, अशी मर्यादा आली. नंतर त्यात थोडेफार बदल होत गेले. ही किंमत फक्त आत बसवायच्या भागांची. खोली, भूल, डॉक्टर यांचे पैसे वेगळे. म्हणून बिलात भागांची किंमत वेगळी दाखवा म्हणायचं आणि त्यांच्या खोक्यावरची चिकटपट्टी आपल्या कागदांना लावून घ्यायची. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्डात बसतं का, हे कर्ज काढण्याआधी आरोग्यमित्राला विचारायचं.

आमच्या मावशींनी विचारलं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात योजनेतून होईल, पण नंबर लागेपर्यंत थांबावं लागेल, असं कळलं. त्या थांबायला तयार झाल्या. तोवर रोज सकाळी खाटेवर पडून पाय सरळ उचलायचा व्यायाम चालू आहे, मांडीचा स्नायू आधीच तयार असावा म्हणून. गटाने साठ हजारांऐवजी वीस हजार मंजूर केले. वॉकर, कमोडची खुर्ची, जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडणाऱ्या मजुरीसाठी. आणि एक यादी केली. पहिले सहा आठवडे कोणत्या वारी कोण भाकरी पोचवणार, आणि कोण समोर बसून व्यायाम करून घेणार. पहिलं नाव माझं आहे. वार रविवार.

अर्जावरचं कारणही आम्ही बदललं. 'लहान चिऱ्याचं' हे शब्द खोडले. आता तिथे लिहिलंय, 'गुडघ्याचं ऑपरेशन आणि नंतरचे तीन महिने.'